माहेरचा समुद्र

वर्गातली एक मैत्रीण सुट्टीत अलिबागला जाऊन आली, तेव्हापासून प्रांजलनं समुद्राचा धोशा लावला होता. वडील नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात कामाला. हंगामात त्यांना मान वर करायला सवड नव्हती. शेवटी नंदाच लेकीला म्हणाली, "चल, माज्या माहेरी हाये तसला समुद्र."

डिंभे धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली सरकलं की नंदाच्या वडिलांच्या रानाखाली वाळूचा चिंचोळा पट्टा उघडा पडायचा. दोन टेकड्यांच्या बेचक्यात, वाटेवरून कुणाला न दिसणारा. कातरणीच्या आधी मेंढ्या धुवायला नंदा आणि धाकटा भाऊ गोरक्ष तिथं जायची. गोरक्षला पोहायला तिनंच शिकवलं.

वडील वारल्यावर गोरक्ष हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. "आक्का, सही कर. तुजं माहेर कुटं जातंय?" नवरा नको म्हणत होता, तरी तिनं सही केली. तुकडाभर रानासाठी भावाला तोडून बसलेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या.

तीन जीपा बदलून मायलेकी पोचल्या. आधी पाणी बघायचं, मग न सांगता भावाच्या दारात उभं राहायचं, असा नंदाचा बेत. वाटेवर नवं लोखंडी फाटक होतं, पण उघडंच. खाली वाळूवर रंगीत तंबू ठोकले होते. नंदा बिचकली, प्रांजल मात्र चपला हातात घेऊन पाण्यात शिरलीसुद्धा.

"ओ बाई, बुकिंग आहे का?" खुर्चीतला काळ्या चष्म्याचा माणूस ओरडला.

"माज्या वडलांचं रान हाये ह्ये."

"गोरक्ष!" त्यानं हाक मारली. "ही कोण? म्हणते, वडिलांचं रान आहे."

चहाचा ट्रे घेऊन आलेला गोरक्ष जागच्या जागी थबकला. बहिणीकडं त्यानं एकदाच पाहिलं.

"गावातली बाई हाये कुनीतरी," तो म्हणाला. "जाईल ती, साहेब."

प्रांजल 'मामा' म्हणणार, तोच नंदानं तिचा दंड असा आवळला की पोर कळवळली. तिला ओढत ती चढावर लागली. मागं वळली नाही.

फाटकाबाहेर गोरक्षनं धापा टाकत त्यांना गाठलं. "आक्का, राग मानू नको. साहेबाला हिस्सेदारांचं लचांड नको व्हतं. करार करताना मी सांगून बसलोय, मला बहीणच न्हाई म्हनून."

नंदानं प्रांजलच्या ओल्या पायांत चपला सरकवल्या.

"घरी चल, भाकर खाऊन जा. आन् पुढच्या खेपेला आधी फोन कर. साहेब नसला की पोरीला पाण्यात खेळू दीन."

"मी कागदावर रान सोडलं व्हतं, गोरक्ष," ती म्हणाली. "भाऊ न्हाई सोडला. त्यो तूच सोडाया लावलास."

डांबरीवर जीप दिसली. नंदानं हात केला. गोरक्षनं भाचीच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला. नंदानं तो काढून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवला.

जीप घाटाला लागली तशी प्रांजलनं हळूच विचारलं, "आई, मामा आपल्याला वळखत न्हाई का गं?"

"वळखतो की," नंदा म्हणाली. "चांगलाच वळखतो."