टाकीतला उपाय

सरिता दिसायला सुंदर असती तर मला एवढा राग आला नसता. सुंदर बाईकडे नवरा बघतो, त्यात निदान समजण्यासारखं काही असतं. पण ही हडकुळी, केसांना साधं रबर, ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि हातांना कायम पाण्याचा वास. कॉलेज रोडला तिचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, काचेच्या टाकीत ठेवायच्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, लग्न न केलेली, आणि माझ्या नवऱ्याला सरळ ‘मनोज’ म्हणणारी. अकरा वर्षं संसार करून माझ्या तोंडी ‘अहो’च होतं, आणि हिला महिन्याभरात नाव घेता यायला लागलं.

आमचे हे ओझरच्या कारखान्यात होते. सकाळी सहाला बस, संध्याकाळी पाचला घरी, आणि हातपाय धुतले की टाकीसमोर स्टूल. सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या पुढच्या खोलीत चार फुटांची टाकी. सहा वर्षं जुनी. पलंगाला जागा नव्हती म्हणून आमची लेक सतरंजीवर झोपायची, पण टाकी हलली नाही. आत आठ गोल्डफिश. त्यातल्या सगळ्यात मोठीचं नाव यांनी ‘राणी’ ठेवलं होतं. मला हे ‘अगं’ म्हणतात.

तरी टाकीचं मी सहन केलं. टाकी घरात होती, डोळ्यांसमोर होती. सरिताचं दुकान उघडलं आणि हे घरातून बाहेर जायला लागले. सुटीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की शर्ट बदलायचा आणि स्कूटर काढायची. जाळी आणायची आहे, खाद्य आणायचं आहे, पाणवेल आणायची आहे. तीन महिन्यांत चार जाळ्या आल्या. आठ माशांना चार जाळ्या! एकदा मीही हट्टाने बरोबर गेले. सरिता माझ्याशी गोडच बोलली, पाणी दिलं. मग दोघं एका टाकीसमोर वाकून कसल्याशा शेपटीबद्दल अर्धा तास बोलत राहिले आणि मी पिशवी धरून उभी. घरी हा माणूस अर्ध्या तासात चार वाक्यं बोलत नाही. हे मी कुणाला सांगणार?

सांगितलं ते कुसाबाईंना. कुसाबाई सायखेड्याहून भाजी घेऊन यायच्या, आठवड्यातून दोनदा. माझ्या उंबऱ्यावर बसून चहा घ्यायच्या. मी रडले नाही, फक्त मेथी निवडता निवडता सगळं बोलून गेले.

“त्यात काय एवढं?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं गंगेवर सगळ्या बाया करत्यात. बारीक बारीक चिठ्ठ्या कर. वर राम लिव्ह, खाली मालकाचं नाव लिव्ह. कणकेच्या गोळीत घाल अन् माशाला घाल. रोज एकशे आठ. चाळीस दिस. लय गुणाचा उपाय हाय. गेलेलं माणूस बी घरला येतं, तुझं तर अजून गेलंबी नाय.”

रामनामाच्या गोळ्या माशांना घालतात हे मी लहानपणापासून बघत आले होते. माझी आई घालायची. पण ते वर्ष सिंहस्थाचं. रामकुंडावर मुंगीला शिरायला जागा नव्हती, रस्ते बंद, जागोजागी बांबू बांधलेले. सिडकोतून रोज तिथे जाणार कशी? आणि गेले तरी एकशे आठ गोळ्या घालताना कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगणार?

मग माझी नजर टाकीवर गेली. मासे ते मासे. शिवाय त्यांच्याच लाडक्या माशांकडून त्यांना परत ओढून आणायचं, यात मला एक वेगळंच सुख वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

श्रावणाच्या पहिल्या दिवशी सुरुवात केली. हे कारखान्यात, लेक शाळेत. लेकीची जुनी वही फाडून बोटाच्या नखाएवढ्या चिठ्ठ्या केल्या आणि पेन्सिलीने लिहिल्या. राम, खाली मनोज. नाव लिहायची सवय नव्हती. मटाराएवढ्या गोळ्या वळल्या. राणीने तर पहिली गोळी माझ्या बोटांतूनच ओढली. मी पहिल्यांदाच तिला भली म्हटलं.

आठवडा झाला आणि मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. दोघांचे कल्ले लाल झाले. यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाटलीत टाकीतलं पाणी भरून हे लगेच सरिताकडे. तिच्याकडे पाणी तपासायचे थेंब होते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया. यांचं पाणी गर्द हिरवं झालं.

“अमोनिया म्हणजे त्यांच्या घाणीचं विष,” यांनी मला समजावलं. सहा वर्षांत टाकीबद्दल मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. “खड्यांखाली भोकांची प्लेट आहे ना, पंप पाणी त्या खड्यांतून खाली ओढतो. खड्यांवर चांगले जंतू असतात, ते विष पचवतात. जुन्या टाकीत अमोनिया यायलाच नको. सरितापण चक्रावली आहे.”

सरितापण चक्रावली आहे! मी पोळी तव्यावर आपटली.

मग सुरू झाली शोधाशोध. आधी पाव टाकी पाणी बदललं. मग रोज बदलायला लागले, आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं पाणी घालून. तपासलं की हिरवंच. नळाच्या पाण्यातच काही असेल म्हणून नळाचं पाणी नेऊन तपासलं. ते पिवळं. एखादा मासा मरून कुठे अडकलाय का म्हणून सगळे खडे वरवर चाळले, मासे मोजले. आठच्या आठ. पंप उघडून साफ केला. थेंबच जुने झालेत का म्हणून सरिताने नवी बाटली मागवली. तरी हिरवं. शेवटी तिने सांगितलं, चार दिवस माशांना काही घालू नका. पोटात नाही तर घाणीत नाही.

आणि प्रत्येक पायरीला एक फेरी. आठवड्यातून एकदा जायचे ते एक दिवसाआड जायला लागले. कारखान्यातून येऊन चहासुद्धा न घेता. अमोनिया उतरेना आणि यांच्या फेऱ्या थांबेनात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला कळलं नाही का? कळलं. माझ्या गोळ्या आणि ते हिरवं पाणी यांचा काही संबंध असेल, असं मला नवव्या-दहाव्या दिवशीच वाटून गेलं होतं. पण मत्सर आला की डोकं भलत्याच रस्त्याने चालतं. मी कुसाबाईंना विचारलं, उपाय चालू केल्यापासून उलट जास्तच जातायत. त्या म्हणाल्या, “विझताना दिवा मोठा व्हतो. सोडू नगं.” मी सोडलं नाही. वाढवलं. एकशे आठच्या दोनशे सोळा केल्या.

उपासाच्या चार दिवसांत तर मासे माझी वाटच बघायचे. मी खोलीत आले की आठही काचेला नाक लावून उभे. हे संध्याकाळी येऊन म्हणायचे, “बघ, चार दिवस उपाशी आहेत तरी किती टवटवीत!” मी मान हलवायची.

एकदा रात्री जेवताना यांनी विचारलं, “सरिता विचारत होती, घरात कुणी खायला घालतंय का?”

“मी त्या टाकीला हात तरी लावते का?” मी म्हणाले. “आणि पोरीला वेळ कुठे?”

खाई त्याला खवखवे. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ही बया माझ्या घराच्या आत पोचली होती. माझ्या स्वयंपाकघरात काय चाललंय हे तिला तिथे बसून दिसत होतं आणि माझ्या नवऱ्याला समोर बसून दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांवर रामाखाली मी मनोज लिहिलं नाही. लिहिलं, ‘सरिताचं दुकान बंद पडो.’ त्याच्या पुढच्या दिवशी लिहिलं, ‘सरिता मरो.’ रामाच्या नावाखाली. कुसाबाईंनी असं काही सांगितलं नव्हतं, हे माझ्या मनाचं होतं. लिहिताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

एकतिसाव्या दिवशी राणी मेली. हे तिला तळहातावर घेऊन बसले. माझी आई गेली तेव्हा हे नेहमीसारखे सहाच्या बसने कारखान्यात गेले होते.

त्याच आठवड्यात सुटीच्या दिवशी सरिता घरी आली. पाइप, दोन बादल्या आणि खांद्याला कापडी पिशवी. “वहिनी, आज ही टाकी पूर्ण उघडून बघते,” म्हणाली आणि बाह्या सरकवून कामाला लागली. माशांना टबात काढलं. पाणी उपसलं. खडे परातीत काढले, परात माझी. मी दारात उभी राहून बघत होते. थांबवू कशी? काय म्हणून?

“मनोज, गच्चीवरून दोन पिंपं पाणी लागेल,” ती म्हणाली. हे पळतच गेले. मी आठ दिवस सांगूनही यांनी गच्चीवरची चादर कधी आणली नव्हती.

सरिताने प्लेट उचलली. खोलीत असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. प्लेटखाली बोटभर जाड करडा चिखल. सडलेली कणीक. आणि त्यात शेकडो कपटे. माशांनी कणीक खाल्ली होती, राहिलेली खड्यांतून खाली ओढली गेली होती, आणि चिठ्ठ्या सगळ्या तिथे जमा झाल्या होत्या. पेन्सिलीचं लिहिलेलं पाण्याने पुसलं जात नाही, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

तिने एक उचलली, अंगठ्याने पुसली आणि वाचली. दुसरी वाचली. मग तिने वाचायचं थांबवलं नाही. सहा, सात, आठ. चिठ्ठी हातात धरूनच तिने वर माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं आता ही हाक मारेल. जिन्यावर यांच्या पायांचा आवाज येत होता. सरिताने वर्तमानपत्राचा कागद ओढला, सगळा चिखल त्यात ओरबाडून घेतला, घडी केली आणि पिशवीत टाकली.

“सापडलं,” ती यांना म्हणाली. “जुनं खाद्य साचून सडलं होतं. पूर्वीचंच असणार. प्लेटची भोकं मोठी झालीयेत, नवी घ्या.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” हे मला म्हणाले. काय म्हणत होते कोण जाणे.

हे पिंपं परत ठेवायला गेले तेव्हा मी तिला चहा दिला. थोडा बशीत सांडला. तिने बशीतला चहा कपात ओतून घेतला.

“वहिनी,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी त्यांना दुकानात कधी खुर्चीसुद्धा दिली नाही. ते उभेच असतात. तासभर.”

एवढंच म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं. पण माझा नवरा रेशनच्या रांगेत पाच मिनिटं उभा राहत नाही, पाय दुखतात म्हणतो.

मी गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी पाणी पिवळं झालं, आठवड्याने पक्कं पिवळं. हे लहान मुलासारखे खूश. गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. पण मला झोप लागेना. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती ती सरिताला ठाऊक होती आणि यांना नव्हती. तिने माझ्यावर दया केली होती. तिचा राग मी पचवला असता, तिची दया मला पचेना. माझं आणि माझ्या नवऱ्याचं जे काही होतं, त्याची झाकपाक तिच्या कापडी पिशवीत होती.

सुटीच्या दिवशी दुपारी हे शर्ट बदलत होते.

“थांबा,” मी म्हणाले. “अमोनिया मी केला होता. महिनाभर कणकेच्या गोळ्या घालत होते. आत चिठ्ठ्या होत्या. आधी तुमचं नाव लिहीत होते, तुम्ही घरात राहावं म्हणून. मग तिचं लिहिलं. मरो म्हणून.”

हे शर्टाचं बटण धरून तसेच उभे राहिले. मी तयार होते. ओरडतील, राणीला तू मारलंस म्हणतील, वेडी झालीस का म्हणतील, निदान ‘असलं काही नाही गं’ म्हणतील. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी महिनाभर वाट बघितली होती. ते एक म्हटलं असतं तर बाकीचं सगळं मी ऐकून घेतलं असतं.

माझ्याकडे न बघता यांनी विचारलं, “तिनं वाचल्या का?”

“सगळ्या,” मी म्हणाले.

हे सावकाश स्टुलावर बसले आणि त्यांचा चेहरा असा पडला, की अकरा वर्षांत माझ्यासाठी तो तसा पडलेला मी एकदाही पाहिला नव्हता.