गोलासमोरचे टक्कल

कारखान्याच्या फुटबॉल संघातून एका माणसाला काढावे की ठेवावे, हे ठरवण्यासाठी सात शहाणी माणसे जमली होती, आणि त्यांपैकी सहांनी ते जिना चढतानाच ठरवून टाकले होते. सातवा प्रशिक्षक. त्याला स्वतःचे मत होते, पण स्वतःची खुर्ची त्याला मताहून प्रिय होती.

दाराशी, टोपी हातात धरून, मैदानाचा माळी उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. खल चालला होता तो त्याच्या जावयावर: साडेसहा फुटांचा स्ट्रायकर, ज्याला सारा कारखाना शिडी म्हणे. संघात असेतोवर त्याला गोदामात हलके काम आणि वसाहतीत दोन खोल्या होत्या. संघ सुटला की दोन्ही सुटणार होते. मग माळ्याची लेक आणि चार वर्षांची नात, ज्या आज हाकेच्या अंतरावर राहत होत्या, त्या परगावी जाणार होत्या.

"तीन!" अध्यक्षांनी तीन बोटे नाचवली. "अख्ख्या हंगामात तीन गोल. आणि आपला हा लवंगी," शेजारी बसवलेल्या बुटक्या कप्तानाच्या पाठीवर त्यांची थाप पडली, "एकवीस! आता उंचीचं काय लोणचं घालायचं?"

"दिवे बदलायला बरा आहे," चिटणीस म्हणाले. "टेबलाचा खर्च वाचतो."

हशा पिकला. प्रशिक्षकाने घसा खाकरला. "हवेतला चेंडू तो डोक्यानं खाली..."

"पाणी घ्या," अध्यक्ष म्हणाले. प्रशिक्षकाने पाणी घेतले.

"कप्तान, तुम्हीच सांगा. तुमच्या गोलांत त्याचा हात किती?"

लवंगीने क्षणभर टेबलाकडे पाहिले. "चेंडू पायाशी येतो, मी मारतो. कुठून येतो ते बघत बसलो तर गोल कधी करू?"

या उत्तरातला नम्रपणा सर्वांना फार आवडला.

"साहेब, मी बोलू?" माळी म्हणाला.

"तू? तू गवताचं बोल बाबा."

"गवताचंच बोलतो. दर सामन्यानंतर मी मातीची बादली घेऊन खड्डे बुजवतो. गोलासमोर एक टक्कल आहे, तिथं गवत म्हणून टिकत नाही. तिथं तीन माणसांच्या बुटांचे ठसे असतात. मधला हा एवढा मोठा, तो शिडीचा. दोन बाजूंना दोन, त्याच्याकडे तोंड केलेले. म्हणजे समोरच्यांचे दोन गडी कायम त्याला चिकटून. आणि तिथून दहा पावलांवर, जिथून कप्तान मारतात, तिथं फक्त कप्तानांचे ठसे. आजूबाजूचं गवत ताठ उभं. कोणी फिरकतच नाही हो तिकडं!"

प्रशिक्षकाने मान वर केली आणि अध्यक्षांकडे पाहून पुन्हा खाली घातली. लवंगी बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

"तू त्याचा सासरा ना रे?" चिटणिसांनी विचारले.

"हो."

"झालं तर मग!"

लेक दिल्याने गवतावरचे ठसे बदलतात, हा शोध वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आढळत नाही. समितीने तो विनाचर्चा मान्य केला.

"मैदान चाळीस पावलांवर आहे, साहेब. खाली चला, डोळ्यांनी बघा."

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिले, मग आपल्या बुटांकडे. "चिखल आहे," ते म्हणाले. हात वर झाले. प्रशिक्षकाचा सर्वांत शेवटी झाला, पण झाला.

बाहेर बुटक्या बाकावर शिडी गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. "काय झालं, मामा?"

"जावईबापू, घरी उद्या सांगा. आज पोरीला निवांत जेवू द्या."

शिडीने पाय लांब करून पाहिले आणि पुन्हा जवळ घेतले. "जरा बुटका असतो तर बरं झालं असतं."

"कशाला?"

"या बाकावर तरी नीट बसता आलं असतं."

दोघेही हसले नाहीत.

पुढच्या हंगामात समोरच्या संघांनी, ज्यांच्याकडे समिती नसावी, मोकळे झालेले ते दोन गडी लवंगीच्या मागे लावून दिले. हंगाम संपता संपता त्याचे गोल झाले दोन. त्याचा उपयोग काय, यावर खल करण्यासाठी तीच सात माणसे त्याच खोलीत जमणार होती. परगावी शिडी एका दुकानाच्या कोठीत सर्वांत वरच्या फळीवरची खोकी उतरवत होता. उंचीची कदर झाली ती अशी. लेकीचा फोन येई. नात आधी रोज आजोबांशी बोलायला मागायची, मग कधीमधी. हल्ली तिला फोनवर आणावे लागे.

शेवटच्या सामन्यानंतर अध्यक्ष फिरत फिरत गोलापर्यंत आले. या खेपेस जमीन कोरडी होती.

"शाबास! गोलासमोर गवत धरलंय की! इतकी वर्षं इथं नुसतं टक्कल होतं. काय घातलंस?"

"काही नाही, साहेब. तुडवायला माणूस नाही."

अध्यक्षांना उत्तर आवडले असावे. माळ्याच्या कौतुकाचा ठराव मांडू, असे म्हणत ते जिन्याकडे वळले.

माळी त्या हिरव्या चौकोनापाशी वाकला आणि सवयीने बोटांनी चाचपत राहिला. एकही खड्डा लागला नाही. मातीची बादली त्याने भरलेलीच परत नेली.