त्रेचाळीस घोस

पहिल्या दिवशी झाडावर त्रेचाळीस घोस होते. नारिंगी, कर्ण्याच्या आकाराची फुलं, एका घोसात सहा ते अकरा. सगळे घोस जमिनीपासून तीन मीटरच्या वर आणि सगळे लाँड्रीच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला, टेलर मावशींच्या दुकानाकडे, एकही नाही. पानं साधी, एकाआड एक, कडा दातेरी. देठ मोडला की पांढरा चीक. हे सगळं मी वहीत लिहिलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

मी नगरपालिकेच्या वृक्षगणनेत सहा महिन्यांच्या करारावर होते. त्या रस्त्याला नवं गटार व्हायचं होतं आणि हे झाड नेमकं त्याच्या रेषेत उभं होतं. गटाराच्या कामावरचा मुकादम म्हणजे माझा सख्खा मामा.

"तोडायचं तर तुझी सही लागते," मामा म्हणाला. "नाव लिही आणि मोकळी हो."

नावच सापडत नव्हतं. फूल धरून पुस्तकात शोधत गेले की पान जुळेना, पान धरून गेले की फूल जुळेना. तशी फुलं येणाऱ्या कुळात चीक कुणालाच नसतो, आणि माझी बोटं तर चिकाने चिकट झाली होती. एखाद्याला इथे शंका आली असती. मला आनंद झाला.

"मामा, हे कुठल्याच यादीत नाही. कदाचित याला अजून कुणी नावच दिलं नसेल."

मामा कामावरच्या माणसांकडे वळला. "ऐकलंत? आमच्या भाचीनं नवं झाड शोधलं! लहानपणी हिला स्वतःची चप्पल सापडायची नाही."

सगळे हसले. मीही हसले आणि फॉर्मवर लिहिलं : दुर्मीळ, ओळख बाकी, तोडू नये. माझ्या शब्दावर मामाने गटार एक मीटर आत वळवलं. आत म्हणजे टेलर मावशींच्या पायऱ्यांवर.

मावशींचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून धड वाकत नव्हता. दुकानाच्या चार बुटक्या पायऱ्या त्यांनी गवंड्याकडून मुद्दाम करून घेतल्या होत्या, कठड्यासकट. मी समजवायला गेले तेव्हा त्या एका कोटाचं अस्तर टाचत होत्या. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी विचारलं, "दुर्मीळ म्हणतेस?"

"खूप."

"मग राहू दे गं. असले गुडघे गल्लीत पन्नास मिळतील." मग झाडाकडे मान उडवून म्हणाल्या, "वीस वर्षं दारात उभं आहे, एक फळ धरलं नाही मेल्यानं. मी आपली आळशी समजत होते त्याला."

फळ नाही, हेही मी वहीत लिहिलं. दोन दिवसांत पायऱ्या फोडून तिथे गटाराचं काँक्रीट पडलं.

मी रोज घोस मोजायला जायची. लाँड्रीवाले काका इस्त्री उभी करून बघत राहायचे. "ताई, खाली पडलेली फुलं त्यातून वजा करता का?"

"करते," मी म्हणायची. खरंच करत होते.

फुलं उंचावर होती, म्हणून नमुन्यासाठी मी खाली पडलेली घेतली. फांदी हाताला येईल तिथली तोडली. दोन्ही एकाच कागदावर दाबून, वाळवून माझ्या कॉलेजच्या बाईंना पाठवली. अकराव्या दिवशी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं : "फूल या फांदीला लागलेलं तू पाहिलंस का?"

त्याच दुपारी मामाच्या माणसांकडून शिडी मागून घेतली आणि वर चढले. पहिल्या घोसाचा देठ धरून मागे मागे गेले. देठ गेला झाडाच्या नव्हे, नऊ छोट्या पर्णिकांच्या पानाशी, ते पान बोटाएवढ्या जाड वेलीला, आणि वेल फांद्यांच्या दाटीतून, खोडाच्या मागून उतरून लाँड्रीच्या भिंतीपलीकडे. तिचं मूळ एका जुन्या रंगाच्या डब्यात होतं. डब्याचा तळ फोडून ते केव्हाच जमिनीत गेलं होतं.

फुलं वजा केल्यावर उरली ती तुती. नर झाड, म्हणून फळ नाही. त्या रस्त्यावर मी एकतीस तुती मोजल्या होत्या. एकतीस वेळा माझ्याच अक्षरात 'तुती' लिहिलं होतं.

"वेल होय?" काका म्हणाले. "आमच्या हिनं लावलेली. दरवर्षी फुलते."

"काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"अहो, मला वाटलं, वेल आहे हे तुम्हाला माहीतच असणार. शिकलेल्या माणसाला मी काय सांगायचं?"

शिडी परत करताना मी मामाला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गटाराच्या काँक्रीटवर बूट घासला.

"आता हे धरलंय. फोडायचं तर वरून मंजुरी. मंजुरीला कारण लागतं. काय लिहू?"

"माझी चूक म्हणून लिही."

"तुझा करार जाईल."

"लिही, मामा."

त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आतला पट्टा बघितला, पुन्हा घातलं. "माणसांसमोर तुझं काय काय कौतुक केलं गं मी." मग म्हणाला, "मंजुरी येईपर्यंत बाईंना लाकडी पायऱ्या ठोकून देतो. मापं घेऊन ये."

मावशी मशीनवर होत्या. बाजूला पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. चार वाजले होते.

"पाणी नाही प्यायलात?"

"पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं. सकाळी दोघं जण मला वर चढवतात, संध्याकाळी उतरवतात. मधे कुणाला हाका मारू?"

मी उंबऱ्याखालीच उभी राहिले. "मावशी, ते झाड साधी तुती आहे. फुलं काकांच्या वेलीची. माझी चूक झाली."

मशीन थांबलं. त्यांनी कापड सुईखालून काढलं नाही.

"मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते गं," त्या म्हणाल्या. "मापं घेता घेता. माझ्या दारात असं झाड आहे म्हणून."

मी पिशवीतून टेप काढली. झाडाच्या चिकाने ती चिकटून बसली होती, उलगडेना.

"ठेव ती. ही घे." त्यांनी गळ्यातली टेप काढून दिली आणि दाराच्या चौकटीला धरून उंबऱ्याशी आल्या.

"पाय उचला, मावशी. दुखेल तिथे थांबा."

गटाराच्या झाकणापासून उंबरा : चौसष्ट सेंटिमीटर. गटार आणि उंबरा यांच्यामध्ये जागा : तेवीस. उजवा पाय : सतरा.