पाठमोरा

"तोंड अजिबात दिसता कामा नये हं, लंबूकाका," दिग्दर्शक म्हणाला. "आम्हाला फक्त पाठ हवीय तुमची."

"पाठच बरी, साहेब. तोंडाने आजवर नुकसानच केलंय," लंबूकाका म्हणाले, आणि कॅमेऱ्याभोवतीची पोरं खळखळून हसली.

लंबूकाका या बास्केटबॉल हॉलचे राखणदार. कोर्ट पुसायचं, फाटल्या जाळ्या बदलायच्या, संध्याकाळी कुलूप लावायचं. एकेकाळी याच कोर्टवर त्यांच्या नावाने टाळ्या पडत. मग दारू लागली आणि टाळ्या, नोकरी, बायको, मुलगी, एकेक करून सगळं सुटत गेलं. दारू तेवढी सर्वांत शेवटी सुटली, तीही प्रार्थनागृहाच्या मागच्या बाकावर बसून, रडतभेकत. देव भेटला, पण गेलेली माणसं परत आणून द्यायचं काम काही त्याने अंगावर घेतलं नाही.

सिनेमाची गोष्टही अशीच होती. दारूत बुडालेला खेळाडू देवाला शरण जातो, शेवटच्या क्षणी बास्केट मारतो आणि त्याची मुलगी धावत येऊन गळ्यात पडते. नायकाला सगळं जमत होतं. रडणं तर फारच छान. बॉल तेवढा जाळीत जात नव्हता. म्हणून त्याच्यासारखाच सात नंबरचा शर्ट काकांच्या अंगावर चढला होता.

त्यांनी मुलीला फोन केला होता. "शूटिंग बघायला येशील?"

"बघू," ती म्हणाली होती. तिच्या 'बघू'चा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. तरी सकाळपासून त्यांची मान दाराकडे वळत होती.

आणि ती आली. कामावरून तशीच, खांद्यावर पर्स अडकवून, मागच्या पायऱ्यांवर दाराजवळ टेकली. काकांनी अंगावरचा शर्ट ओढून नीट केला.

कॅमेरा त्यांच्या मागे होता. त्यांनी डोळे मिटून क्षणभर प्रार्थना केली, गुडघे वाकवले, बॉल सोडला. रिंगला न शिवता तो जाळीतून खाली उतरला. पुढे नुसतं उभं राहायचं होतं. मिठीचं दृश्य नायकासोबत वेगळं घेणार होते. पण सिनेमातली चिमुरडी कडेलाच उभी होती. तिने बॉल पडलेला पाहिला, सात नंबर पाहिला, आणि सुसाट येऊन काकांना बिलगली.

"बाबा, आपण जिंकलो!"

काकांनी तिला उचलून घेतलं. आपण काय करतोय ते त्यांना कळलंच नाही. तिच्या इवल्याशा खांद्यावर डोकं टेकून ते हमसाहमशी रडले.

"कट! अगं बाई, हे नव्हेत तुझे बाबा! ते बघ, तिकडे बिस्किटं खातायत!"

हॉलभर हशा पिकला. काकाही हसले. डोळे पुसत ते पायऱ्यांकडे गेले.

"बॉल छान पडला," त्यांची मुलगी म्हणाली.

"आलीस. फार बरं वाटलं बघ."

"मीपण अशीच धावले होते, बाबा. तुम्ही मॅचमध्ये झोकांडी खाऊन पडलात, सगळे हसत होते, तेव्हा. तुम्ही मला ढकलून दिलंत. आठवतंय?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणून माफी मागितली असती, तर ती कदाचित विरघळलीही असती.

"नाही गं आठवत," काका म्हणाले. "शुद्धच नव्हती मला."

तिने घसरलेली पर्स पुन्हा खांद्यावर चढवली. "माझं तसं नाही ना. मला सगळं आठवतं."

"लंबूकाका, चला! पुन्हा एकदा!"

"जा. बोलावतायत."

"थांबशील थोडी? झाल्यावर चहा घेऊ."

"एवढं बघते, मग निघते."

"बॉल पडला तरी मी कट म्हणेपर्यंत मागे वळायचं नाही," दिग्दर्शकाने पुन्हा बजावलं. या वेळी चिमुरडीचा हात कुणीतरी घट्ट धरून ठेवला होता.

बॉल पडला. सगळीकडे चिडीचूप. मग मागे पायऱ्यांवर चपला वाजल्या आणि दार करकरलं.

वळून एक हाक मारावी, असं काकांना फार वाटलं. हाक मारली तर थांबेलही. पण वळलं की एवढ्या माणसांची मेहनत पुन्हा वाया, आणि दुसऱ्यांचा डाव त्यांनी आयुष्यात पुष्कळदा विस्कटला होता. दार लागल्याचा आवाज आला. दिग्दर्शकाला ती पाठ आवडली असावी, तो कट म्हणेना.

काका हात खाली सोडून तसेच ताठ उभे राहिले.

"आली होती, देवा," एवढंच पुटपुटले.