बाईमाणसाचा हात

मिस्त्रींनी टूलरूमचं दार आतून लोटलं, पण कडी लावली नाही. कडी लावली असती तर आपण काहीतरी लपवतोय हे स्वतःशीच कबूल करावं लागलं असतं. बाहेर जेवणाची सुट्टी चालू होती. त्यांनी आर्बरच्या निमुळत्या टोकावर बोटाने निळ्या रंगाचा पातळ थर दिला, त्यावर चक हातानेच दाबून बसवला, जरासा फिरवला आणि पुन्हा ओढून काढला. मग खिशातून चष्मा काढून लावला.

आर्बर म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला पोलादी दांडा. एक टोक ड्रिलिंग मशीनमध्ये जातं, दुसऱ्यावर चक बसतो आणि चकच्या जबड्यात ड्रिल. ना आटे, ना खिळा. आतला उतार आणि बाहेरचा उतार एकमेकांना भिडले, एवढ्याच भरवशावर सगळा कारभार. नीट भिडले असतील तर निळा रंग सगळीकडे सारखा पुसला जातो. इथे तोंडाजवळचं बारीक कडं तेवढं पुसलं गेलं होतं. बाकी रंग जसा लावला तसा होता.

मिस्त्रींनी आर्बर उजेडात धरून त्यावरचा पुसट नंबर वाचला. तेहतीस. चक होता सोळा नंबरचा. एक इंचवाल्यांच्या घरातला, दुसरा मिलिमीटरवाल्यांच्या. दिसायला सख्खे भाऊ, पण उतार वेगळा. हाताला बसल्यासारखं वाटतं, वरून टोला मारला की घट्टही होतं, आणि पाच-सहा दिवसांनी ऐन कामात सुटून येतं.

तसाच तो आज सकाळी सुटून आला होता. ड्रिलवाल्या ताईच्या हातात ड्रिल खाली ओढायचा दांडा, मशीन जोरात, आणि फिरता चक ड्रिलसकट खाली आला. तिच्या उजव्या अंगठ्याला चार टाके पडले. अंगठा राहिला हेच नशीब.

मिस्त्रींना कारखान्यात सगळे ‘केसभर’ म्हणत. केसभर फरकसुद्धा माझ्या बोटाला कळतो, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. डोक्यावर औषधाला केस नसलेल्या माणसाने ते म्हणावं, याची गंमत त्यांनाही वाटे. दुसऱ्या कुणी निळा न लावता चक बसवला तर ते त्याचा उद्धार करत. स्वतः मात्र गेल्या आठवड्यात त्यांनी खणातून आर्बर उचलला, बोट फिरवलं, चष्मा खिशातच ठेवला आणि टोला मारला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यातलाच प्रकार.

पण खरी लाज त्याचीही नव्हती. चूक माणसाच्या हातून होते. सकाळी ताईला दवाखान्यात नेऊन आणल्यावर सुपरवायझरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"मिस्त्री, चक नीट बसवला होता ना?"

"माझ्या हातचं काम आहे ते," मिस्त्री म्हणाले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे बघत होते, आणि त्यांची जीभ पुढे गेली. "बाईमाणसाचा हात, साहेब. दाब कमीजास्त होणारच."

दोघं-तिघं हसले. सुपरवायझरांनी वहीत काहीतरी लिहिलं. दोन वाजल्यापासून ड्रिलवर लेथवाला उभा राहील, ताई परत पॅकिंगला, असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्या पॅकिंगमध्ये तिने नऊ वर्षं खोकी चिकटवली आणि जिथून रोज जेवणाच्या सुट्टीत पळत येऊन ती मशीन शिकली, तिथेच. मशीनवर उभी राहणारी कारखान्यातली ती एकटीच बाई होती. तिला शिकवलं होतं मिस्त्रींनीच.

त्यांनी खण उपसून सोळा नंबरचा आर्बर शोधला. या खेपेला चष्मा लावून. निळा लावून पाहिला, सगळं टोक सारखं पुसलं गेलं. दोन मिनिटांचं काम. आता बसवला की चक जन्मात सुटणार नाही.

लाकडी हातोडा उचलताना त्यांचा हात थांबला. चक सुटणार नाही. दोन वाजता लेथवाला उभा राहील, मशीन लोण्यासारखं चालेल आणि सगळे म्हणतील, बघा, तेच मशीन, तोच चक, हात तेवढा बदलला. त्यांनी केलेली उत्तम दुरुस्ती तिच्यावरचा शिक्का कायमचा पक्का करणार होती. तोंडातून एक शब्द न काढता.

ते तसेच स्टुलावर बसले. कुणाला कळणार आहे, असं एकदा वाटलं. वाटलं याचीही लाज वाटली. मग त्यांनी चक, दोन्ही आर्बर, निळ्याची डबी आणि फडकं एका पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि ते पॅकिंगकडे निघाले.

ताई एकटीच टेबलापाशी होती. डबा उघडलेला नव्हता. बँडेज बांधलेला हात तिने छातीशी धरला होता आणि डाव्या हाताने ती रिकाम्या हवेत मशीनचा दांडा खाली ओढत होती. ओढायची, थांबायची, पुन्हा वरून ओढायची.

"काय करतेस गं?"

"बघतेय, काका," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तसा दाब कमीजास्त झाला असणार. पण नेमका कुठे, तेच सापडत नाहीये."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चिडली असती, तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्यांचं म्हणणं खरं मानलं होतं.

"तुझं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "आर्बर चुकीचा होता. मी निवडलेला."

ती हसली.

"राहू द्या, काका. माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नका. तुमचा हात कसला चुकतोय?"

हे ऐकायला मिस्त्रींनी तीस वर्षं घालवली होती. आत्ता ते नुसतं ऐकून घेतलं असतं तरी सुटका होती. कबुलीही दिली, नावही राहिलं. त्यांनी ट्रे तिच्यापुढे सरकवला.

"माझं ऐकू नकोस. तू स्वतः बघ."

तिने डाव्या हाताने निळा लावला. मिस्त्रींनी चक धरला, तिने आधी तेहतीसचा आर्बर घालून फिरवला आणि काढला. तोंडाजवळचं कडं तिने बराच वेळ पाहिलं. मग चक आतून पुसून घेतला आणि सोळाचा घालून पाहिला. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"म्हणजे माझा हात बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"निळा नव्हता लावला?"

"नाही. बोटाला बरोबर वाटलं."

तिने मान हलवली. हे तिला समजण्यासारखं होतं.

"आणि सकाळचं?"

"सकाळी मला माहीत नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "देवाशपथ. आत्ता तपासलं तेव्हा कळलं."

"तुमचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मग माझं कसं माहीत होतं?"

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिने सगळं सामान ट्रेमध्ये परत नीट मांडलं, ट्रे त्यांच्या हातात दिला आणि ती पुढे निघाली.

ड्रिलपाशी लेथवाला उभा होता, सुपरवायझर होते, आणि काम सुरू करायच्या आधी मजा बघायला थांबलेली सात-आठ माणसं होती. मिस्त्रींनी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, चूक माझी आहे. आर्बर दुसऱ्या नंबरचा होता."

"केसभर आणि चुकला?" लेथवाला म्हणाला. "मग आम्ही आता घरीच बसावं." सगळे हसले. सुपरवायझरसुद्धा.

"मिस्त्री, तुमचा स्वभाव माहीत आहे मला. तिला पाठीशी घालू नका."

मिस्त्रींनी तेहतीसचा आर्बर त्यांच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. लेथवाल्याने नंबर वाचला, निळ्याकडे पाहिलं आणि तो हसायचा थांबला. खरं तर एवढ्याने काम झालं होतं. पण ताई समोर उभी होती आणि अजून वाट बघत होती.

"आणि सकाळी मी बाईमाणसाचा हात म्हणालो," मिस्त्री म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. "ते मी माझं नाव वाचवायला म्हणालो. हात तिचा बरोबर होता. चुकला तो माझा."

सुपरवायझर खाकरले. त्यांनी वही काढली आणि सकाळच्या ओळीवर रेघ मारली.

"टाके निघेपर्यंत हा बघेल. मग मशीन तुझंच," ते ताईला म्हणाले. "मिस्त्री, बसवा तो आता नीट."

मिस्त्रींनी सोळाचा आर्बर उचलला, दोन्ही उतार कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले, चकचे जबडे पूर्ण आत घेतले, चक लाकडाच्या ठोकळ्यावर उपडा ठेवला. हातोडा वर गेला.

"थांबा, मिस्त्री."

त्यांनी वर पाहिलं. गेल्या दहा वर्षांत तिने त्यांना काकांशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"आधी निळा लावून दाखवा," ताई म्हणाली.

निळा लावलेला तिने मघाशीच पाहिला होता. हे दोघांनाही माहीत होतं. मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. डबी उघडली, थर दिला, चक दाबला, फिरवला, काढला आणि आर्बर तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला, उजेडाकडे वळून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. घाई केली नाही. सगळा कारखाना बघत होता आणि मिस्त्री हात बांधून उभे होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बसवा."