पोह्यांवरची गोळी

गोळ्या देऊनही साखर उतरत नाही, म्हणजे पेशंटच ऐकत नाही, असं आपण किती सहज ठरवून टाकतो! जुन्नरच्या वृषालीनेही तेच ठरवलं होतं. पोरगी हुशार. नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करत होती. दवाखाना लांब असलेल्या गावांतल्या रुग्णांची सेवा हाच तिच्या अभ्यासाचा विषय, म्हणून तळेघरजवळच्या एका वाडीवर तिची दोन महिन्यांसाठी नेमणूक झाली होती.

तिथल्या ठकूबाईंच्या साखरेने तिच्या नाकी नऊ आणले. म्हातारीच्या तळपायाची जखम भरत नव्हती. चिघळली तर पाय जायचा.

"मॅडम, या आजी ऐकतच नाहीत," भेटीला आलेल्या ज्योत्स्ना मॅडमकडे, आपल्या शिक्षिकेकडे, तिने कुरकुर केली.

"आणि तू त्यांचं किती ऐकलंस?" मॅडम हसल्या. "चल, बसू त्यांच्यापाशी."

ठकूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. "आजी, गोळी कधी घेता?" मॅडमनी विचारलं.

"ताईनं सांगितलं तशीच! सकाळचं पोहं-उपीट खायाचं, मगच गोळी. मी काय येडी हाय व्हय?"

"मग पोहे रोज करता?"

"रोज कशाला? पावणं आल्यावं करतो. परवा जावई आलं व्हतं, तवा घेतली की गोळी!"

"आणि एरवी सकाळी?"

"च्या पिऊन रानात. उन्हं वर आली की नाचणीची भाकर."

वृषालीला हसू फुटलं आणि लगेच विरलंही. अरे देवा! बिचारी आपला शब्द तंतोतंत पाळत होती आणि आपण तिलाच बोल लावत होतो!

"आजी, चुकलं माझं," ती कळवळून म्हणाली.

"अगं, तुझ्या घरची सकाळ तू त्यांच्या घरात शोधलीस," मॅडम म्हणाल्या. "आपली विद्या पेशंटच्या चुलीपर्यंत पोचली नाही, तर ती कुणाच्या कामाची?"

वृषालीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी भाकरीबरोबर घ्यायची ठरली. ठकूबाईंनी गोळ्यांची पट्टी भाकरीच्या फडक्यातच बांधली. हळूहळू साखर उतरली, जखम सुकली आणि म्हातारी पुन्हा बांधावरून लगालगा चालू लागली.

शेजारच्या खंडूबाबांना दम लागायचा. त्यांना वृषाली आजवर उंबऱ्यातूनच सूचना देऊन निघायची. आता तिने पडवीत बैठक मारली. "बाबा, तुमचा दिवस कसा जातो, ते आधी सांगा."

"बस मंग निवांत," बाबा खुलले. "लई सांगायचंय!"

मंडळी, दुसऱ्याला अडाणी ठरवणं फार सोपं असतं. त्याच्या शेजारी बसून त्याचं जगणं विचारावं, मग औषध सांगावं. खरी शुश्रूषा तीच!