शत्रूच्या किंकाळ्या

फेब्रुवारीत वायर घासून ठिणगी पडली आणि कर्नाटकातल्या सदलग्याजवळचा धरणेंद्र अण्णांचा तोडणीला आलेला ऊस पेटला. गाव धावलं. घागरी, बादल्या, ओली पोती, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं आली. परशरामचा तर कोपरापर्यंत हात भाजला. अण्णांचा मुलगा वीरेंद्र बांधावरून मोबाइलवर चित्रण करत होता. विमा कंपनीला दाखवायला लागेल म्हणून. पुढं ते त्यानं फेसबुकवरही टाकलं. पन्नासेक लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला.

मे महिन्यात सीमेवर चकमकी सुरू झाल्या, तसं गावातल्या चहाच्या हॉटेलात बसायला जागा मिळेना. टीव्हीवर एक हिंदी चॅनेल दिवसभर भोंगा वाजवत होतं. बातमी देणारा कोट घालून घसा फोडत होता. गिरणीत दळण ठेवून आलेली माणसंसुद्धा आता क्षेपणास्त्रांचा पल्ला सांगू लागली होती. दूध सोसायटीचे चेअरमन युवराज पाटील पुढच्या बाकावर बसून कुठलं शहर आधी घ्यायचं ते ठरवत होते.

त्या संध्याकाळी अण्णा आणि वीरेंद्र चहाला आले, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं नाचत होती : ‘शत्रूचा विमानतळ खाक!’ खाली आगीचे लोट. हॉटेलात टाळ्या, शिट्ट्या.

अण्णांनी चष्मा वर केला. ज्वाळांच्या डाव्या अंगाला पाण्याच्या मोटारीची खोली होती. तिच्यावरचा पत्रा त्यांनी स्वतः ठोकलेला.

“अरं, हा माझा ऊस हाय!” ते म्हणाले.

माणसं हसली. वीरेंद्रनं मोबाइल काढून मूळ व्हिडिओ लावला आणि बाकाबाकांवरून फिरवला. तीच आग, तीच खोली, तोच वाकडा नारळ.

“तुझाच खोटा असंल,” शेजारच्या बाकावरचा भरमा म्हणाला. “आता मोबाइलवर काय बी करता येतंय.”

“फेब्रुवारीतला हाय, तारीख बघ की!”

“तारीख बी करता येतीय.”

वीरेंद्र परशरामकडं वळला. “तू तर आगीत होतास न्हवं? सांग की यांना.”

परशरामनं शर्टाची बाही खाली ओढली. “धुरात काय दिसतंय, बाबा,” तो म्हणाला.

एवढ्यात चॅनेलवाल्यांचा भोंगा जरासा थांबला. चित्रातला मूळ आवाज ऐकू आला. बातमी देणारा हात उंचावून ओरडला, “ऐका, देशवासीयांनो! ऐका शत्रूच्या किंकाळ्या!” आणि अख्ख्या हॉटेलानं अण्णांचा आवाज ऐकला. फाटलेला, रडवेला. “नीर तर्री! लगू नीर तर्री!”

पाणी आणा, लवकर पाणी आणा. त्या हॉटेलात कानडी न कळणारं कुणी नव्हतं. आणि याच हाकेला त्यातली निम्मी माणसं धावून आली होती.

टाळ्या थांबल्या. मग युवराज पाटलांनी घसा खाकरला.

“तिकडंबी आसतील की कानडी माणसं,” ते म्हणाले.

“व्हय, व्हय, आसतील,” दोघंतिघं घाईनं म्हणाले. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. परशरामही वाजवत होता. फक्त भाजलेला हात जरा हळू.

अण्णा उभे राहिले. “माझी किंकाळी हाय ती. माझी! लाज वाटू द्या रं.”

“अण्णा, देश जिंकतोय ते तुम्हाला बघवत न्हाय काय?” भरमानं विचारलं. त्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी अण्णांकडं अशा नजरेनं पाहिलं, की वीरेंद्रनं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी येऊन त्यानं चॅनेलला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि उत्साहानं विचारलं, “म्हणजे तुम्ही प्रत्यक्षदर्शी आहात? विमानतळापासून किती लांब राहता?” त्यानं फोन ठेवला.

“उद्यापासनं दूध सोसायटीला घालू नका,” अण्णा एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, कारण विचारलं नाही. त्यांना भिंतीपलीकडच्या घरातल्या टीव्हीवरून तीच बातमी, तीच हाक सारखी ऐकू येत होती, आणि त्यावर शेजारणीची पोरं नाचत होती. “सकाळी जैन बस्तीत अहिंसेचं प्रवचन ऐकून आलेली ही माणसं,” त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

चार दिवसांत लढाई थांबली. गाव हिरमुसलं. “आणखी आठवडाभर पाहिजे होती,” असं युवराज पाटील म्हणत फिरले. त्यांच्या घरातलं कुणी कधी फौजेत गेलं नव्हतं. चॅनेलनं आगीबद्दल चकार शब्द काढला नाही; ते एका नटाच्या घटस्फोटाकडं वळलं, आणि हॉटेलही त्याच्यामागून वळलं.

जूनमध्ये संकेश्वरला एका लग्नात अण्णा पंगतीला बसले होते. समोर युवराज पाटील, शेजारी कुणी पाहुणे. पाटलांनी अण्णांकडं बोट केलं आणि कौतुकानं सांगितलं, “हे आमचे धरणेंद्र अण्णा. यांचा ऊस टीव्हीवर आलता! आख्ख्या देशानं बघितला. शत्रूचा विमानतळ म्हणून दाखवला, बोला!”

पाहुणे खदखदून हसले. “आणि तुम्ही ओळखला न्हाईसा?”

“वळखला की! बघताक्षणी वळखला,” पाटील म्हणाले. “पर त्या टायमाला कसं बोलायचं?”

वाढप्यानं अण्णांच्या पानात जिलेबी टाकली. अण्णा पानावरून उठले, आणि हात न धुताच मांडवाबाहेर गेले.